रतनच्या मोगऱ्याचा बहर

माझी बायको रतन चैत्रात गेली. कळस गावच्या आमच्या घरापुढची मोगऱ्याची सहा झाडं तिची. मी चाळीस वर्षं डाळिंब केलं, पण त्या झाडांना कधी हात लावला नव्हता. ती गेल्यावर रोज पाणी घालत राहिलो. झाडं हिरवीगार वाढली, पण नऊ महिन्यांत ओंजळभरही फुलं आली नाहीत.

जानेवारीत मी ठरवलं, वर्षश्राद्धाला तिच्या फोटोला तिच्याच मोगऱ्याचा हार घालायचा. डाळिंबाचा बहर धरताना आम्ही आधी पाणी तोडतो. पानं पिवळी पडून गळू देतो, मग छाटून, खत घालून पाणी सोडतो. नवी फूट कळी घेऊनच येते. याला ताण देणं म्हणतात. मोगऱ्यालाही हेच चालतं. मी पाणी बंद केलं.

शेजारच्या सिंधुबाई कुंपणावरून म्हणाल्या, "दाजी, रतन गेली, आता तिची झाडंबी मारताय व्हय?"

"मारत न्हाय. ताण दिलाय."

"डाळिंब हाय व्हय ते? रतन असती तर तुमालाच उपाशी ठेवलं असतं."

पंधरा दिवस झाले तरी पानं पिवळी होईनात. माती उकरली तर आत ओल. दुसऱ्या दिवशी सकाळी लक्ष ठेवलं. सिंधुबाई बादलीनं पाणी ओतत होत्या.

"रोज घालताय?"

"मग काय करू? दवाखान्यात माझा हात धरून म्हणाली, माझ्या झाडांकडं बघ."

मला ती असं काही बोलली नव्हती.

"मग बघा," मी म्हणालो. "पर उद्यापासून थेंब न्हाय."

"आन् मेली तर?"

"तर मला आख्ख्या गावात बोला."

बुंध्याभोवतीची माती उकरून मी उन्हाला उघडी केली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. फेब्रुवारीच्या मध्यावर पानं गळली. छाटणी केली, शेणखत घातलं, पाणी सोडलं. सिंधुबाई रोज येऊन बघून जायच्या.

मार्चअखेर वर्षश्राद्ध आलं तेव्हा कळ्या गव्हाच्या दाण्याएवढ्या आणि हिरव्या होत्या. अविराज, माझा मुलगा, बारामतीहून विकतचा हार घेऊन आला. मी तो घालू दिला नाही.

"आबा, पाव्हणे काय म्हणतील?"

"म्हणू दे. आठ दिवस थांब."

फोटो मोकळाच राहिला. पाहुणे जेवून गेले.

झाडं फुलली ती अकराव्या दिवशी. मी टोपलीभर फुलं घेऊन ओसरीवर हार गुंफायला बसलो. दोरा गुंतायचा, देठ तुटायचे. सिंधुबाई येऊन समोर बसल्या.

"आना हिकडं, दाजी. तुमच्यानं न्हाय व्हायचं."

"न्हाय. तुमी नुसतं दाखवा."

त्यांनी दोन फुलं गाठीत बसवून दाखवली. मग गाठ सोडली आणि दोरा माझ्या हातात दिला.