मैमूनाबीच्या कानात

मरायला दिवस निवडावा तर तो गोटमारीचा! पण मैमूनाबी जन्माचीच अडेल. "आता घरी न्या, सेवा करा," असं डॉक्टरनं सांगून चार दिवस झाले होते, अन् म्हातारीची घरघर लागली ती नेमकी याच दुपारी. जाम नदीच्या दोन काठांवरून सावरगाव अन् पांढुर्णा एकमेकांवर गोटे फेकतात, ते पाहायला सावरगावची अख्खी गल्ली गेलेली. गल्लीत मुसलमानाचं हे एकच घर, अन् त्या घरात तिच्याजवळ एकटी चंद्रकला.

चंद्रकला तीन वर्षांपासून तिचं सगळं करत होती. सकाळी आपल्या घरी बुद्धवंदना करायची, अन् इथं येऊन म्हातारीला नमाजाआधी हातपाय धुवायला वजूचं पाणी द्यायची. दोघींचं वाजायचं ते भाजीतल्या मिठावरून, नाहीतर टीव्हीच्या आवाजावरून. धर्मावरून वाजलं ते एकदाच.

मैमूनाबी रिटायर मास्तरीण. नदीपलीकडच्या मोहल्ल्यातल्या पोरी तिच्याकडे अरबी शिकायला यायच्या. त्यांचं ऐकून ऐकून चंद्रकलेलाही कलमा पाठ झाला. एक दिवस भांडी घासता घासता तो तिच्या तोंडून सहज निघाला, अन् म्हातारी खवळली. चंद्रकलेला वाटलं, झालं, आपल्या तोंडून बाटला! पण म्हातारीचं दुखणं निराळंच होतं.

"हे गाणं नाही, चंद्रा. ही गवाही हाय," ती म्हणाली. "अल्ला एक हाय अन् मोहम्मद त्याचे रसूल हायत, याची गवाही. तुह्या मनात हाय का हे?"

चंद्रकलेनं नाही म्हणून सांगितलं.

"मंग कायले म्हणतं? आमच्या दीनात, धर्मात, जबरदस्ती नाही. अन् खोटी गवाही तं त्याहून वाईट. तू आपल्या बुद्धाले खरी राह्य."

त्या दिवसापासून चंद्रकलेचा तिच्यावर जीव जडला. सासूनं, नवऱ्यानं, आजवरच्या सगळ्या मालकिणींनी तिला काही ना काही म्हणायलाच लावलं होतं. मनात नाही ते म्हणू नको, असं सांगणारी ही पहिलीच.

मग होळीच्या सुमाराला म्हातारीला लकवा मारला. वाचा गेली, उजवं अंग गेलं, डावा हात तेवढा हलता राहिला.

घरघर वाढली तशी चंद्रकलेनं शगुफ्ताला फोन लावला. शगुफ्ता म्हातारीची एकुलती लेक, सौंसरला दिलेली. सकाळीच निघाली होती बिचारी, पण पांढुर्ण्याच्या बाजूला पुलाशी अडकली. गोटमार संपेस्तोवर पूल बंद, अन् हातापाया पडूनही पोलीस सोडेनात. फोन अम्मीच्या कानाला लाव, मी कलमा म्हणते, असं ती म्हणाली. जाणाऱ्याच्या कानात कलमा पडावा अन् तो ऐकता ऐकता जीव जावा, याहून मोठं मागणं त्या लोकांत नाही. पण मेळ्यात लाखभर माणसं, लाखभर मोबाइल. दोन अक्षरं आली अन् नुसती खरखर. पाचव्यांदा फोन लागला तेव्हा शगुफ्ता रडत होती.

"चंद्राबाई, तुमाले येते ना? तुमीच म्हणा. पाया पडतो तुमच्या."

अन् फोन कटला तो कटलाच.

आता सांगा, काय करावं या बाईनं? म्हणावं तर खोटं, न म्हणावं तर म्हातारी तशीच जाते. खड्ड्यात जावो खरं-खोटं, तिनं मनाशी म्हटलं. आपल्या जिभेचं काय व्हायचं ते होवो. ती वाकली, म्हातारीच्या कानाशी तोंड नेलं अन् सुरुवात केली.

मैमूनाबीनं डोळे उघडले. डावा हात वर आला अन् चंद्रकलेच्या तोंडावर बसला. मरत्या अंगात एवढं बळ कुठून आलं कोण जाणे.

"म्हणू द्या व माय," चंद्रकला त्या बोटांआडून म्हणाली. "तुमच्यासाठीच म्हणून राहिली."

म्हातारीनं मान हलवली. नाही. रागावली मुळीच नव्हती. तिला कलमा हवा होता, अगदी जिवाच्या आकांतानं हवा होता. डोळे सारखे दाराकडे लागले होते, लेक येते का म्हणून. पण चंद्रकलेच्या तोंडावरचा हात काही ती काढेना. तो हात ओढून बाजूला करणं चंद्रकलेला सहज जमलं असतं. तिच्यानं ते झालं नाही. बऱ्याच वेळानं हात आपोआप खाली पडला, तेव्हा मैमूनाबी गेली होती.

दिवस कलल्यावर पूल मोकळा झाला. शगुफ्ता धापा टाकत आली. आईचा चेहरा पाहण्याआधी तिनं चंद्रकलेला दंडाला धरलं.

"म्हणलं ना तुमी? आयकलं ना अम्मीनं?"

चंद्रकला खरंच सांगणार होती. पण सांगणार तरी काय? तुझ्या मायनं माझ्यासाठी आपला कलमा सोडला, असं? अन् तू वेळेवर आली असती तर तिला तो मिळाला असता, असं? पोर जन्मभर त्यात जळली असती.

"हो बाजी," ती म्हणाली. "म्हणलं. शेवटपर्यंत आयकत होत्या."

शगुफ्तानं तिचे दोन्ही हात डोळ्यांना लावले. मग पलीकडच्या मोहल्ल्यातल्या बाया येऊ लागल्या, अन् शगुफ्ता प्रत्येकीला तेच सांगत बसली. एकेक बाई चंद्रकलेकडे वळून विचारायची, खरं का व? अन् चंद्रकला दर वेळी मान हलवून हो म्हणायची.