वरच्या खिडकीतलं पाणी

तोकिझोने माडीवरची खिडकी सताड उघडली, पाण्याने भरलेली बादली दरवर्षीच्या जागी ठेवली आणि बायकोच्या, सुमिएच्या अंगावरची चादर हनुवटीपर्यंत ओढली. तिचे अर्धवट उघडे डोळे मिटायला हवे होते, तेवढं मात्र त्याच्याने झालं नाही. त्याने पंखा तिच्याकडे वळवला. मग उत्सवाचा निळा डगला चढवला, लाकडी टिपऱ्या कमरेला खोचल्या आणि तो जिना उतरला.

दारात शेजारची हात्सुनो उभी होती. तिचं तोफूचं दुकान. हातातल्या वाडग्यात थंड तोफू, वर किसलेलं आलं.

"सुमिएसाठी आणलंय. रात्र कशी गेली?"

"बरी गेली. आत्ता कुठे डोळा लागलाय."

"मी वर जाऊन ठेवते."

"नको!" तो एवढ्या जोरात म्हणाला की त्याचं त्यालाच खटकलं. "झोपू दे तिला."

"अहो भाऊजी, मी काय खाते का तिला? पालखीवर पाणी ओतायला तरी उठेल ना? दरवर्षी नेम धरून तुमच्याच डोक्यावर ओतते. वर्षभराचा राग त्या एका बादलीत काढते बिचारी."

तोकिझो हसला. आपल्याला हसता आलं याची त्याला शिसारी आली.

घरात मरण झालं की वर्षभर देवाच्या पालखीला शिवायचं नाही, हा इसोबारा गावाचा नियम. स्वतःच्या बायकोच्या सुतकात पालखीजवळ आलेल्या सख्ख्या भावाला याच तोकिझोने एकदा भर रस्त्यातून परत पाठवलं होतं. आणि आता पालखीपुढे टिपऱ्या वाजवत चालणारा, कुठल्या बोळात ती तिरकी करायची, कुठल्या घरापुढे थांबायचं हे जाणणारा तोच एक उरला होता. तरणी पोरं केव्हाच ओसाकाला गेली. ती गेल्यावर नगरपालिकेला जाग आली, म्हणजे बैल गेला आणि झोपा केला. मग पोस्टरं लागली, प्रवासी आले, त्यांना डगले देऊन पालखीखाली उभं केलं. यंदा पुरेशा बस आल्या तर उत्सव टिकेल, असं कार्यालयातून सांगितलं होतं. बस आल्या होत्या. पहाटे सुमिएने विचारलं होतं, "आज पाऊस नाही ना?" त्यानंतर ती काही बोलली नाही.

देवळासमोर पर्यटन खात्याचा काजिवारा कर्ण्यातून ओरडत होता.

"मंडळी, वरून पाणी पडणार आहे! गावच्या बायका तुम्हाला भिजवल्याशिवाय सोडायच्या नाहीत. मोबाइल सांभाळा!"

तोकिझोने टिपऱ्या वाजवल्या आणि पालखी उठली. प्रवाशांची पावलं एका तालात पडत नव्हती. बंद घरांच्या खिडक्यांतून पालिकेचे नोकर रबरी नळ्यांनी पाणी उडवत होते. भिजलेली माणसं खूश होऊन फोटो काढत होती.

पालखी सरबतासाठी टेकवली तेव्हा काजिवारा जवळ आला.

"काका, गोड बातमी! पुढच्या वर्षीपासून पालखी शहरात, स्टेशनसमोरच्या चौकात. इथे बस वळवायलासुद्धा जागा नाही हो."

"आणि देव?"

"देवाला ट्रकने नेऊ की. अगदी जपून."

"कधी ठरलं हे?"

"गेल्या महिन्यातच. ऐन उत्सवात तुमचा विरस कशाला, म्हणून बोललो नाही. काकूंनाही आणा हं. त्यांच्यासाठी पुढे खुर्ची ठेवतो."

तोकिझोने सरबताचा पेला न पिताच खाली ठेवला. तिला तसं एकटं टाकून आलो ते यासाठी? त्याला ओरडावंसं वाटलं. पण पालखी उठली होती आणि पुढचं वळण त्याच्याच घराचं होतं.

तिथे न थांबता पालखी पुढे काढायची असं त्याने ठरवलं. पण काजिवाराचा कर्णा आडवा आला.

"थांबा, थांबा! हे आपल्या म्होरक्या काकांचं घर. आता काकूंचा नेम बघा!"

पालखी थांबली. सगळे वर पाहून ओरडू लागले, "काकू, पाणी! काकू, पाणी!" खिडकी उघडी होती आणि तिच्यात कोणी नव्हतं. तोकिझो मान खाली घालून उभा राहिला.

पाणी बरोबर त्याच्याच डोक्यावर कोसळलं.

त्याने दचकून वर पाहिलं. खिडकीत हात्सुनो होती, सुमिएचा एप्रन घातलेली. रिकामी बादली पोटाशी धरून ती रडत होती, आणि रडता रडता मानेने त्याला खुणावत होती, चला तुम्ही, पुढे चला, मी आहे इथे. त्याचं खोटं तिने न विचारता स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. पुढे जाण्यासारखं काही उरलेलं नाही, हे तिला ठाऊक नव्हतं.

लोक टाळ्या वाजवत होते. तोकिझोने टिपऱ्या उंबऱ्याबाहेर ठेवल्या. ओला डगला उतरवला, घडी करून त्यांच्या शेजारी ठेवला आणि तो आत गेला. जिन्याशी हात्सुनोच्या चपला होत्या, एक इकडे, एक तिकडे.

"काका, आता कुठे वळायचं?" पालखीखालून कोणीतरी हसत विचारलं.

काजिवाराने पुढच्या रस्त्याकडे पाहिलं, मग मागच्या. कर्णा त्याच्या हातात तसाच राहिला. खांदे बदलत ती मंडळी बराच वेळ उन्हात उभी होती.