आत्याचा मान

माझं नाव कडू. मी चौथी मुलगी झाले, म्हणून मुक्ताआत्यानं बारशाला पाळण्यात वाकून ते माझ्या कानात सांगितलं. कडू नाव ठेवलं की पुढं मुली होत नाहीत, असं आमच्या सोनईत मानतात. माझ्या पाठीवर गोरक्षनाथ झाला आणि आत्याच्या शहाणपणाचा गावभर डंका वाजला.

मला काय मिळालं? दोन स्थळं नाव ऐकूनच उठली. तिसरा बिजवर, चाळिशीचा. त्याला काहीही चाललं असतं. सासरी म्हैस आटली तरी बोट माझ्याकडं. सासू म्हणायची, नावच कडू, घरात गोड कुठून यायचं? आत्याला मी यातलं कधी बोलले नाही. पोटात ठेवलं आणि नीट जपलं.

सेहेचाळीस साली गोरक्षनाथाच्या बायकोला, चांगुणाला, तिसरी मुलगी झाली. नाव ठेवायचा मान आता माझा. झबलं-टोपडं घेऊन मी माहेरी गेले. मुक्ताआत्या विधवा होऊन केव्हाच तिथं येऊन राहिली होती आणि सगळं घर तिच्या धाकात होतं. तिनं मला उंबऱ्यातच फर्मावलं, हिचंही कडूच ठेव, म्हणजे पुढचा मुलगा. चांगुणा पोरीला छातीशी धरून नुसती माझ्याकडं बघत राहिली. माझ्या बारशाला आईही अशीच बघत राहिली असेल. माझं डोकं फिरलं. तरी मी आत्याला बरं म्हणाले.

बायका जमल्या. गोविंद घ्या, गोपाळ घ्या झालं. मी पाळण्यात वाकले, पोरीच्या कानात नाव सांगितलं आणि सरळ उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मुक्ताबाई."

माझ्या पाठीत धपाटे घालायला उचललेले हात तसेच राहिले. घरातल्या म्हातारीचं नाव आमच्यात लेकराला ठेवतात, पण ती गेल्यावर. जित्या माणसाचं ठेवणं म्हणजे त्याच्या मरणाची वाट बघणं. आणि पाळण्यात सांगितलेलं नाव परत घेता येत नाही. चांगुणानं तोंडाला पदर लावला. ती हसत होती.

मुक्ताआत्या भिंतीला धरून उठली. तोंड पांढरंफटक पडलं होतं.

"कडे, मी अजून जित्ती हाय."

"व्हय," मी म्हणाले. "आमाला तरी कुटं घाई हाय?"