शेजारी ठेवलेली किल्ली

पुण्याच्या त्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. मालाच्या कंटेनरना इलेक्ट्रॉनिक कुलपं असतात, त्यांची दुरुस्ती शिकवणारी ती संस्था. वर्ग सगळे ऑनलाइन, धडे इंग्रजीत. तुम्ही आयुष्यभर ग्रंथपाल होतात, आमचे धडे सोप्या मराठीत लिहून द्याल का, असं त्यांनी विचारलं होतं. माझं नाव त्यांच्याकडे शिकणाऱ्या दर्शनाने सुचवलेलं. मला दाराच्या कडीचा स्क्रूसुद्धा धड बसवता येत नाही. नकार लिहायला बसलो, तर तोही मनासारखा उतरेना. शेवटी पत्र शब्दकोशात ठेवून दिलं.

दर्शना मांडवीतच, आमच्या मागच्या गल्लीत राहते. तिच्या घरी रेंज नाही, म्हणून वर्गाला माझ्या ओटीवर बसते. मी आत पुस्तक उघडून बसतो, पण कान बाहेर असतात.

तिच्या गटात चौघं, ज्याच्या त्याच्या गावी. पडद्यावर कुलूप मात्र सगळ्यांना मिळून एकच. ते उघडायला दोघांचे वेगवेगळे आकडे लागतात आणि ज्याचे त्यानेच टाकायचे असतात. परीक्षेच्या दिवशी ऐन वेळी वीज गेली, लॅपटॉपही मान टाकायला लागला. दुसरे आकडे गटातल्या चिपळूणच्या अजिंक्यचे होते; दर्शनाने त्याला फोन लावला, आपले आकडे सांगितले आणि म्हणाली, माझे पण तूच टाक. कुलूप उघडलं. काम अडलं नाही म्हणून ती खुशीत घरी गेली.

दुसऱ्या दिवशी शिकवणाऱ्या तेजस्वी मॅडमनी तिला नापास केलं. सोमवारी गटासमोर काय चुकलं ते आपल्या शब्दांत सांग, पटलं तर पुन्हा परीक्षा घेऊ, एवढी सवलत दिली. पास झाली तर बंदराजवळच्या कंटेनर यार्डात काम मिळणार होतं. नाहीतर बहिणीसारखी मुंबई.

"काका, मी काय वाईट केलं हो?" ती म्हणाली. "आपण गावाला जाताना किल्ली शेजारी देतोच ना? अजिंक्य काय चोर नाय."

धड्यात लिहिलं होतं, आकडे अनोळखी माणसाला देऊ नका. अजिंक्य तिला अनोळखी नव्हता. हा माझा प्रांत नव्हे, असं मनात आलं. मग तिच्या जनीआत्याची आठवण झाली आणि बोलू की नको करत बोललो.

मुंबईला राहणाऱ्या कितीतरी जणांच्या घरांच्या किल्ल्या जनीकडे असत. एका घरातलं पितळी घंगाळ दिसेनासं झालं. तिला कोणी काही बोललं नाही, फक्त बघायची पद्धत बदलली. जनीने सगळ्या किल्ल्या ज्याच्या त्याला परत केल्या. घंगाळ पुढे मालकाच्या भावाकडेच सापडलं. पण जनीने पुन्हा कोणाची किल्ली घेतली नाही.

दर्शना म्हणाली, "म्हणजे उद्या माल गेला असता, तर सगळे अजिंक्यकडे बघत बसले असते."

"तू त्याच्यावर विश्वास टाकलास," मी म्हणालो. "पण दोन्ही आकडे त्याच्याचकडे, मग त्याच्या बाजूने सांगायला दुसरं कोणी उरलं नसतं."

सोमवारी तिने आत्याची गोष्ट सांगितली. मी आत पान उलटायचं विसरलो होतो. अजिंक्य म्हणाला, "बये, मला जेलात घालायला निघाली होतीस होय?" सगळे हसले. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पुढच्या आठवड्याची तारीख दिली.

त्या परीक्षेतही वीज गेली. दर्शना आकडे मनात धरून तशीच बसून राहिली. गटाने वाट पाहिली. वीज आल्यावर तिने आपले आकडे स्वतः टाकले आणि पास झाली.

जाताना म्हणाली, "काका, आत्याचं ते धड्यात लिहा ना. माझ्यासारख्या बऱ्याच असतील."

शब्दकोशातून पत्र काढलं. होकार दोन ओळींत झाला. नमुना म्हणून पहिला धडा जोडला, शेजारी ठेवलेल्या किल्लीचा. जनीचं नाव जनीलाच विचारून घातलं. नाक्यावरच्या टपालपेटीत पाकीट टाकलं आणि लगेच वाटलं, शेवटचं वाक्य अजून सोपं करता आलं असतं. पण पेटीच्या फटीतून माझा हात आत जाईना.