वाढवलेला शिवदोरा

बसम्मा माझी धाकटी जाऊ. कबनूरला मागाच्या शेडात आम्ही दोघी शेजारी बसून कांड्यांवर सूत भरायचो. शहाण्णव सालच्या दिवाळीत न्हाताना तिच्या डाव्या छातीत गाठ हाताला लागली. तिनं फक्त मला सांगितलं.

मी बघितलं, तर बरोबर तिथंच तिच्या लिंगाची चांदीची डबी टेकत होती. आम्हा लिंगायतांत गळ्यातलं लिंग कधी उतरवत नाहीत. मला वाटलं, दिवसभर वाकून काम, डबी घासून गाठ आली असेल. मी डबी अडकवलेल्या तिच्या शिवदोऱ्याला वीतभर दोरा जोडला. डबी पोटावर आली. वर हळदीचा लेप लावला. मी थोरली, म्हणून तिनं ऐकलं.

गाठ वाढतच गेली. संक्रांतीला मी म्हटलं, कोल्हापुरात शाहूपुरीत बाई डॉक्टर आहे, दाखवून येऊ. पण तिच्या लेकीची, विद्याश्रीची सोयरीक नुकती निपाणीला ठरली होती.

"अक्का, आईला असलं काय हाय म्हटल्यावर पोरगी कोण करून घेईल? अक्षता पडू देत, मग तू म्हणशील तिथं येतो," ती म्हणाली. मग हळूच, "आणि त्या डॉक्टरबाईनं लिंग काढाय सांगितलं तर गं?"

मी परत कांडी भरायला घेतली. माझ्याही दोन पोरी लग्नाच्या होत्या. खरं तर मलाही तेच बरं वाटलं.

लग्न वैशाखात झालं. डावा हात वर होत नव्हता, तरी लेकीची ओटी तिनंच भरली. चौथ्या दिवशी आम्ही कोल्हापूर गाठलं. फोटो काढायच्या खोलीत नर्सला डबी दिसली, तशी बसम्मा दोन पावलं मागं सरली.

"उतरवू नका, मावशी. मुठीत धरून हात बाजूला घ्या. झालं," नर्स म्हणाली.

एवढंच होतं ते.

डॉक्टरबाईंनी मला बाहेर नेऊन विचारलं, किती महिने झाले. मी सांगितलं.

श्रावणात बसम्मा गेली. आमच्यात माणसाला बसतं करून माती देतात. विधी करणाऱ्या जंगमांनी लिंग तिच्या डाव्या तळहातावर ठेवलं. दोरा मांडीवरून खाली लोळत होता. त्यांनी विचारलं, एवढा लांब कुणी केला.

विद्याश्रीनं डोळे पुसले आणि माझा हात धरला.

"थोरल्या आईनं. डबी टोचती म्हणून आईला जोडून दिला. लई जीव हिचा आईवर."