माप तेच

आमच्या हॉस्पिटलचे सगळे स्कॅन तळघरातल्या चाळीस जुन्या मशिनवर विखुरलेले होते. एका फाईलचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकडा तीन मशिनवर ठेवायचा, म्हणजे एखादं मशिन मेलं तरी काही अडत नाही. गेल्या वर्षी नवी मशिनं आली आणि तो सगळा डोंगर इकडून तिकडे नेण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. साहेबांना वाटायचं, कॉपी म्हणजे एका पेटीतले कपडे दुसऱ्या पेटीत टाकणं. मी नाकाने कांदे सोलत त्यांना अर्धा तास व्याख्यान दिलं.

दहाव्या दिवशी वीज गेली आणि कॉपी मध्येच तुटली. पुन्हा सुरू करताना प्रोग्रॅमला सांगावं लागतं, आधी पोचलेल्या फाईली ओळखायच्या कशा. प्रत्येक फाईल दोन्हीकडे उघडून ताडून पाहायची, तर तीन आठवडे. नाव तेच आणि माप तेच असेल तर पोचली असं धरून पुढे जायचं, तर दोन दिवस. मला थांबणं कधी जमलेलं नाही. मी दोन दिवस निवडले, कोणाला न विचारता. शेवटी एकही चूक दिसली नाही. जुनी मशिनं पुसून भंगारात गेली आणि साहेबांनी चारचौघांत माझी पाठ थोपटली.

चार महिन्यांनी दादाचा खोकला थांबेना. माझा मोठा भाऊ तलावावर पोहायला शिकवायचा. गावभर पोरं पोहायला लागली, मी तेवढी राहिले, कारण मी श्वास कधी पुरा घेतलाच नाही. तपासणीत त्याच्या उजव्या फुप्फुसात डाग निघाला. सुई घालता येणार नाही अशा अडचणीच्या जागी, आणि वाट बघत बसावं इतका लहानही नाही. सहा वर्षांपूर्वी अपघातात बरगड्या मोडल्या तेव्हा त्याचा स्कॅन आमच्याकडेच झाला होता. त्या वेळच्या रिपोर्टात फक्त बरगड्यांबद्दल लिहिलं होतं.

"जुन्या स्कॅनमध्येही हा दिसला आणि माप तेच असलं, तर हात लावायचा नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नाहीतर कापावं लागेल. डावं फुप्फुस अपघातापासून अर्धंच चालतंय, तेव्हा धोका मोठा आहे."

वहिनीचा जीव भांड्यात पडला. स्कॅनची राखणदार आमच्या घरातच आहे, असं तिने बाईंना कौतुकाने सांगितलं.

मी तिथेच बसून फाईल शोधली. नाव बरोबर, तारीख बरोबर, माप बरोबर. उघडली तर पडदा काळाकुट्ट.

प्रोग्रॅम आधी फाईलच्या मापाची रिकामी जागा अडवतो आणि मग ती भरत जातो. वीज गेली तेव्हा दादाची जागा अडवून झाली होती, भरायची राहिली होती. माप तेच होतं, म्हणून दुसऱ्या खेपेला कोणी हात लावला नाही. मी वहिनीला म्हटलं, जुनी फाईल खराब झालीय. त्या दुपारी वीज गेली त्या वेळच्या सगळ्या फाईली उघडून पाहिल्या, तशा रिकाम्या तीनशे बारा निघाल्या. यादी छापली आणि भ्याडासारखी खणात ठेवली.

ऑपरेशननंतर सहाव्या दिवशी दादा गेला. काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट त्यानंतर आला. डाग फार जुना होता, निरुपद्रवी.

वहिनीने तो कागद दोनदा वाचला आणि मला वाचायला दिला. मग माझ्याने राहवलं नाही.

"वहिनी, ती फाईल आपोआप खराब झाली नव्हती. मी तपासलीच नव्हती."

मग तिने विचारलं, तपासायला किती दिवस लागले असते. मी सांगितलं, तीन आठवडे.

"तीन आठवडे," ती म्हणाली. "कुठे जायचं होतं गं तुला?"

मला कुठेही जायचं नव्हतं.