खिडकीजवळची खाट

दिवस, निवासी डॉक्टरांच्या निवडीचा, वेळ, सकाळची, स्थळ, रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावरील लांब टेबलाची खोली. मित्रांनो, त्या खोलीच्या भिंतीवर टांगलेली मी एक जुनी पेटी आहे. माझे तोंड दुधी काचेचे, पोटात दोन नळीदिवे. काचेवर एक्स-रेची फिल्म लावली की छातीतले सारे दिसू लागते. निदान मी करत नाही. उजेड तेवढा देते.

कारखान्यातून आले तेव्हा माझी जागा वॉर्डात होती. भल्याभल्यांनी माझ्यापुढे उभे राहून डोके खाजवले. पुढे चित्रे थेट संगणकावर दिसू लागली आणि माझी उचलबांगडी झाली. भंगारातच जायची, पण मुलाखतींसाठी विभागाच्या मोठ्या सरांनी मला मागून घेतले. तक्रार नाही. संगणकावर चित्र अधिक स्पष्ट दिसते, हा युक्तिवाद मला खोडता येत नाही.

त्या दिवशी सरांनी सर्वांसाठी एकच फिल्म लावली होती. तरुण रुग्ण, तीन आठवडे खोकला, उजव्या फुप्फुसाच्या टोकाला डाग. उमेदवाराने सुचवलेला पहिला उपाय सर नाकारत आणि गप्प बसत. एक उमेदवार हमरीतुमरीवर आला. दुसऱ्याने ‘नको’ ऐकताच आपले सगळेच म्हणणे गुंडाळले आणि तो सरांच्या होला हो मिळवत बसला.

शेवटची उमेदवार दाराशी फोनवर बोलत होती. “दादा, ही शेवटची खेप. यंदा नाही झालं तर तू म्हणशील तसं, दवाखाना टाकून बसते. आता ठेव, बोलावलंय.”

फिल्म पाहून ती म्हणाली, “घशातून दुर्बीण घालून फुप्फुस तपासू या.”

“नको,” सर म्हणाले.

तिचे कान लाल झाले. तिने विचारले, “का नको, ते सांगाल का, सर?”

“थुंकी तपासलीत?”

“नाही. बरोबर आहे, आधी थुंकी. माझी घाई झाली. पण क्षयाची शंका आहे, तेव्हा रिपोर्ट येईपर्यंत त्याला वेगळी खोली द्यायची.”

“खोली रिकामी नाही.”

“मग खोलीचा हट्ट सोडते. खिडकीजवळची खाट, तोंडाला मास्क आणि शेजारची खाट रिकामी. याच्याखाली मात्र मी येणार नाही.”

“अहो, भाजी घेताय का?” टेबलामागच्या बाई डॉक्टर हसल्या.

“घासाघीस माझ्यासाठी नाही, मॅडम. शेजारी झोपणाऱ्यासाठी आहे.”

सरांनी तिला जायला खुणावले. ती नमस्कार करून बाहेर गेली.

मित्रांनो, तुमची एखादी कल्पना कोणी बाजूला सारली तर रुसू नका, आणि तिला घाईने फेकूनही देऊ नका. कारण विचारा. त्यातून जे चुकीचे ठरेल ते सोडा. ज्यावर दुसऱ्या कोणाचे भले अवलंबून आहे, तेवढे जपा. एवढे लक्षात ठेवा, मग माझी काच पुसायची राहिली तरी चालेल.

“बोला, कोणाला घ्यायचं?” बाईंनी विचारले.

सरांनी फिल्म काढली आणि माझे बटण बंद केले.

“हिने त्या रुग्णाला खाट मिळवून दिली,” ते म्हणाले. “हिला जागा द्या.”